चौसष्ट नारळ

८ मार्च, रविवार

रिटायर होताना कंपनीनं दिलेली ही डायरी दोन महिने कपाटात पडून होती. आज तिला मुहूर्त लागला. कारण आज मी, गणपतराव, आमच्या गावच्या उरूस कमिटीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध! दुसरं कुणी तयारच नव्हतं असं आमची झुंबर म्हणते. बायकोला नवऱ्याचं कौतुक करणं जड जातं, चालायचंच.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एकतीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. कोण किती मिनिटं उशिरा आला हे मी माणसाच्या चालीवरून सांगायचो. त्याच नजरेनं आज उरसाची वही बघितली आणि कपाळाला हात लावला. दर्ग्यासमोरच्या माळावर चौसष्ट दुकानं बसतात. भजीवाला, खेळणीवाला, पाळणेवाला, खाजा-बत्ताशेवाला, बांगडीवाली हुसेनबी, अशी सगळी. तीन दिवसांची फी किती? एक्कावन्न रुपये! माझा बाप अध्यक्ष होता तेव्हापासून एक्कावन्न. आणि वर उरसाच्या महिनाभर आधी कमिटीचा माणूस एकेका दुकानदाराच्या घरी जाऊन नारळ देऊन येतो. नारळ पस्तीसचा. म्हणजे यांना आम्हीच पैसे देऊन बसवतोय की काय?

दिलदार मुजावर आमचा खजिनदार. दर्ग्याची सेवा त्याच्या घराण्यात आणि शाळेपासून माझ्या बाकावर. रोजा होता म्हणून त्यानं चहा घेतला नाही, पण तोंड काही बंद ठेवलं नाही.

"गणपतराव, त्यो नारळ म्हंजे बोलावणं हाय. त्यो आल्याबिगर कोण येत न्हाय."

"बोलावणं आता मोबाईलवर जातंय," मी म्हटलं. "नारळ बंद!"

टाळ्या पडल्या नाहीत, पण विरोधही झाला नाही. पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ झालं.

११ मार्च, बुधवार

फी एक हजार केली. गावात बोंब झाली म्हणे. होऊ दे. एक हजारात आजकाल काय येतं?

ही कल्पना तशी सम्राटची. सम्राट आमच्याच गल्लीतला, कोल्हापुरात त्याचं इव्हेंटचं ऑफिस आहे, पांढरे बूट घालून माळावर येतो आणि तरी ते पांढरेच राहतात. तो म्हणाला, "काका, दुकानदार म्हणू नका, व्हेंडर म्हणा. आणि उरूस कसला, फेस्टिव्हल म्हणा." फेस्टिव्हल मला काही म्हणवत नाही, पण व्हेंडर हा शब्द कंपनीत होता, तो सहज जमला. शिल्लक पडेल त्यातून माळाच्या तोंडाला कायमची सिमेंटची कमान बांधायची ठरवलं आहे. वर अध्यक्षाचं नाव. मी म्हटलं, अक्षरं लहान असू देत. फार लहान नकोत.

संध्याकाळी पुण्याहून मोनाचा फोन आला. उरसाला येते म्हणाली. तेव्हा तिला सातवा लागलेला असेल. झुंबर फोन ठेवून देवापाशी जाऊन बसली. लग्नाला नऊ वर्षं झाली पोरीच्या. मध्ये दोनदा जे झालं ते इथं लिहीत नाही. तीन वर्षांमागं उरसात झुंबरनं पीराच्या दारात बोलून ठेवलंय, मोनाला दिवस राहिले की सातव्या महिन्यातला हिरवा चुडा इथंच भरीन, हुसेनबीच्या हातानं. मोनाच्या वेळी झुंबरचाही तिनंच भरला होता.

"हुसेनबीला तेवढं बोलावणं धाडा," झुंबर म्हणाली. "बाकी तुमची फी आन् बी घाला चुलीत."

१५ मार्च, रविवार

नोटीस सगळ्यांच्या मोबाईलवर गेली. सोबत पैसे भरायचा चौकोन. एकानंही भरले नाहीत. सुट्टीचा दिवस आहे.

हुसेनबीला मात्र मीच फोन लावला. ती कबनूरला राहते, इचलकरंजीला चिकटून. पोरगा यंत्रमागावर आहे. बेचाळीस वर्षं झाली, दर उरसाला पत्र्याची पेटी घेऊन एसटीनं येते, दर्ग्याच्या पायरीला बसते आणि मुक्कामाला आमच्या सोप्यात असते. आमच्यात आणि तिच्यात नातं कुठलं ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या लग्नात माझ्या आईनं पहिलं लुगडं तिला नेसवलं होतं.

"कोण, गणप्या व्हय? नारळ कवा आणतोस?"

म्हटलं, नारळ नाही यंदा, नोटीस पाठवलीय, मोबाईलवर बघ.

"माझ्या फोनात निस्तं हॅलो हाय. मोना कशी हाय?"

सातवा लागतोय म्हटलं, तशी तिनं तिकडून पीराचं नाव घेतलं. मग म्हणाली, "हिरवी काच चांगली बघून ठेवतो की मग. नारळ घीऊन ये लवकर." आणि फोन ठेवला. आता या बाईला नियम कसा समजवायचा?

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, मीटिंग घेतली.

अजून एकही व्हेंडर आला नाही. सम्राटनं फार चांगला मुद्दा मांडला. म्हणाला, "काका, गर्दी नाही याचा अर्थ रेट कमी आहे. स्वस्त गोष्टीची लोकांना किंमत नसते." मी विचार केला तर पटलं. फी तीन हजार केली. शिवाय लाईटचे पाचशे, सफाईची अनामत पाचशे, कोपऱ्याची जागा असली तर सातशे जादा, फॉर्मचे पन्नास. दिलदार म्हणाला, "पायरीचं किती?" मी म्हटलं, पायरी म्हणजे दर्शनी जागा, तिला कोपऱ्याचाच दर लागू. त्यानं वही मिटली. म्हणाला, "हुसेनबीच्या पेटीत तीन दिवसात तीन हजार येत न्हाईत, मर्दा."

सवलत मागत होता हे मला कळलं. पण सवलत एकाला दिली की चौसष्ट जण रांगेत उभे राहतात. टाइम ऑफिसात मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा अर्धा दिवस कापला होता. तो अजून बोलत नाही.

२४ मार्च, मंगळवार

ईदचा शीरखुर्मा खायला दिलदारकडं गेलतो. दोन वाट्या झाल्यावर तो मुद्द्यावर आला. पाळणेवाल्यानं दुसऱ्या गावची जत्रा धरली. भजीवाला गप्प आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, नारळ आला नाही, म्हणजे यंदा बोलावणं नाही. फीचं कुणी काढतच नाही म्हणाला.

हे ऐकून मला हायसं वाटलं. म्हणजे भानगड फीची नाहीच! माणसं मानाला हपापलेली असतात, त्यांना तीन हजार जड नाहीत, पस्तीस रुपयांचा नारळ पाहिजे. मग देऊ की. मी काय नारळाचा वैरी आहे?

दुसऱ्या फेरीचं पेट्रोल नको म्हणून एक सुधारणा केली. प्रत्येक नारळाच्या शेंडीला फीचं बिल बांधायचं, आणि खाली ठळक ओळ: "अंतिम सूचना. ५ एप्रिलपर्यंत रक्कम न भरल्यास आपली जागा रद्द समजावी." मजकूर माझाच. कंपनीत असली पत्रं मीच काढायचो.

२६ मार्च, गुरुवार

घाऊक बाजारातून चौसष्ट नारळ आणले, तेहेतीसला एक बसला. टेम्पो सकाळी सातला सोडला. राधानगरीपासून इचलकरंजीपर्यंत सगळी घरं एका दिवसात उरकली. आधीच्या लोकांना याला महिना लागायचा. कबनूरला पण पोचला म्हणून ड्रायव्हरनं कळवलं. झुंबरला सांगितलं तर तिनं आज जेवताना मला दुसरी भाकरी विचारली. घरात बरं वातावरण आहे.

२९ मार्च, रविवार

आज बाजारात तीन जणांनी मला थांबवलं.

पहिला म्हणाला, "गणपतराव, चौसष्ट जणांस्नी एका दिवसात नारळ दिला म्हणं! लई कडक माणूस हाय बाबा तुमी." दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्या भजीवाल्याला तरी ठेवायचं हुतं." तिसऱ्यानं नुसतेच हात जोडले आणि बाजूनं निघून गेला.

मला आधी काही उलगडेना. मग दिलदारकडं गेलो. तो ओट्यावर बसला होता, मला बघून हसायला लागला ते खोकला लागेपर्यंत हसला. म्हणाला, "आरं, 'जागा रद्द' असं लिहून वर नारळ बांधलास! कंपनीतनं माणूस काढत्यात तवा काय देत्यात?"

आयला!

म्हणजे दिला नाही तेव्हा बोलावणं नाही म्हणून रुसले, आणि दिला तेव्हा नारळ दिला म्हणून रुसले. आता यांना द्यायचं तरी काय? एकतीस वर्षांत कामगारांनी माझ्या डोक्यावर जेवढ्या मिऱ्या वाटल्या नाहीत तेवढ्या या चौसष्ट जणांनी महिन्यात वाटल्या. पाळणेवाल्यानं तर निरोप धाडलाय: "तीस वरीस पोरं झुलवली, चूक काय झाली ती तरी सांगा." मी उलटा निरोप पाठवला की चूक काही नाही, फॉर्म भरा.

झुंबरला कुणीतरी सांगितलंच असणार. संध्याकाळी ताट वाढलं आणि उठून आत गेली. दुसरी भाकरी मी हातानं घेतली.

२ एप्रिल, गुरुवार

सम्राटनं सगळं तारलं! एकदम सहा मोठे व्हेंडर. पुण्यातले फ्लॅट, मोटारसायकलचं कर्ज, विमा, सोलर, पाणी गाळायचं मशीन आणि मुलांना डॉक्टर करणारा क्लास. प्रत्येकी पंधरा हजार, तेही आगाऊ, आणि एकानंही नारळ मागितला नाही. चौसष्ट दुकानांची शंभर वर्षांची फी एका दुपारी येऊन पडली असं मी मीटिंगमध्ये म्हटलं. आकडा बरोबर नाही, पण बोलायच्या ओघात म्हटलं. कमानीचा खड्डा उद्यापासून.

दिलदारनं विचारलं, "ह्यात लहान पोरानं घ्यावं असं काय हाय?" मी म्हटलं, क्लास आहे की.

घरी झुंबरला ही बातमी सांगितली. ती म्हणाली, "हुसेनबी येतीया का न्हाय, एवढंच सांगा." महिनाभर झाला, या बाईला दुसरा प्रश्न सुचलेला नाही. चौदा तारखेला मोना येणार, सोळाला उरूस. म्हटलं, "येईल. मी आणतो तिला." तोंडातून शब्द गेला आता.

५ एप्रिल, रविवार

आज मुदतीचा शेवटचा दिवस. मी काय केलं ते फक्त इथं लिहितो. हुसेनबीच्या नावानं साडेचार हजारच्या वर रक्कम मी माझ्या पेन्शनमधून भरली, पावती केली आणि मोटारसायकलवरून कबनूरला गेलो. नियमाला नियम राहिला, बाईला बाई मिळाली. मला स्वतःलाच माझं कौतुक वाटत होतं.

गल्लीत दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट, ओरडल्याशिवाय बोलणं ऐकू येत नाही. हुसेनबी दारात बसून हिरव्या काचा निवडत होती. सून सबिना आत. उंबऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात आमचा नारळ, शेंडीला बिल तसंच बांधलेलं.

"ये गणप्या," ती म्हणाली. "बस हितं." तिनं सतरंजीवर हात आपटला.

मी बसलो. खिशातून पावती काढून तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही. सबिनानं वाचून दाखवली, नाव, जागा, रक्कम, सगळं. मागांच्या आवाजात सबिनाला रक्कम दोनदा ओरडावी लागली.

हुसेनबी म्हणाली, "म्हंजे मी तुझ्या दारात भाड्यानं बसायचं?"

"भाडं नव्हे, शुल्क. आणि तुला कुठं पडतंय? मी भरलंय की!"

"तू कशाला भरलंस? मी काय भिकारी हाय?" तिनं पावतीची घडी घालून माझ्या खिशात परत कोंबली. "तुझा बाप चालत यायचा रं नारळ घीऊन. इचलकरंजीच्या स्टँडावरनं चालत. पाणी प्यायचा, म्हणायचा, हुसेन, पोरी वाट बघत्यात. तू टेम्पोवाल्याच्या हातनं धाडलास, आन् त्येच्यावर लिवलंस रद्द. बेचाळीस वरीस आलो मी. काढायचं हुतं तर तोंडानं सांगायचं हुतं."

मी समजावलं. खरंच चांगलं अर्धा तास समजावलं. कमानीचं सांगितलं, रेट कसा ठरतो ते सांगितलं, एकाला सूट दिली की काय होतं ते सांगितलं. ती ऐकत काचा निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "नुसतं 'ये' म्हण, गणप्या. कागुद नगं, पैका नगं. ये म्हण, मी उद्याच्याला पेटी बांधतो."

एवढंच म्हणायचं होतं. पण मी कमिटीचा अध्यक्ष होतो, माझ्या खिशात पावती होती, आणि माझा आवाज चढला. मागांच्या आवाजात चढवावाच लागतो. मी म्हटलं, "नियमानं यायचं तर यायचं, नाहीतर राहू दे. बांगड्या काय, हल्ली घरपोच मिळतात."

यात खोटं काय आहे? मिळतातच.

सबिना चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. मी चहा न घेता निघालो. घरी झुंबरला सांगितलं की तिची तब्येत जरा बरी नाही, बहुतेक जमायचं नाही.

१३ एप्रिल, सोमवार

घरपोच बांगड्या आल्या. हिरव्या मागवल्या होत्या, पोपटी निघाल्या. दोन डझनातल्या अकरा शाबूत, बाकी डब्यात चुरा. माप पण चुकलं, त्या शाबूत अकरा झुंबरच्या अंगठ्यावरून पुढं सरकेनात. परत पाठवायची सोय आहे, पण फुटलेल्यांचा फोटो मागतात. मी फोटो काढत असताना झुंबर मागं येऊन उभी राहिली.

"तब्येत बरी न्हाय व्हय तिची?" ती म्हणाली. "मी काल फोन केलता. ठणठणीत हाय."

मग ती जे बोलली ते मला लिहवत नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहितो. "पोरीच्या पोटात जीव हाय. तीन वरीस मी त्या शब्दावर काढली. आन् तुमी त्या शब्दाला दर लावलासा."

मला भीती वाटली. पहिल्यांदाच वाटली. पीर काही तसा नाही, कुणाचं वाईट करणारा नाही, हे मला माहीत आहे. पण मोनाचं दोनदा झालेलं आहे.

१६ एप्रिल, गुरुवार. उरसाचा पहिला दिवस

कमान उभी राहिली. रंग ओला आहे म्हणून खालून कुणी जाऊ नये असा बोर्ड लावला, सगळे बाजूच्या बोळातून आले.

सहाही स्टॉल वेळेवर उघडले. एक मिनिट कुणाला उशीर नाही. स्वच्छता अशी की माळावर भज्याचा एक कागद नाही. पोरांना कर्जवाल्यांनी फुगे दिले, त्यावर व्याजाचा दर छापलेला. पाळणा कुठाय म्हणून दोन-चार पोरं रडली, त्यांना क्लासवाल्यांनी माहितीपत्रकं दिली. त्याची त्यांनी विमानं केली.

पलीकडच्या गल्लीतल्या अंबूबाई, वय पंच्याऐंशी, विम्याच्या स्टॉलवर गेल्या आणि बत्ताशे मागितले. तिथल्या पोरीनं अदबीनं विचारलं, "आजी, तुमचं वय किती?" वय ऐकून ती म्हणाली, "सॉरी आजी, तुम्हाला नाही मिळणार." अंबूबाई घरी जाऊन रडल्या म्हणे, आपल्याला बत्ताशे पण मिळत नाहीत म्हणून.

गलेफ वाजतगाजत आला. पीरावर चादर चढली. प्रसादाला खाजा-बत्ताशे नव्हते, दिलदारनं घरातला साखरेचा डबा आणला. चिमूटचिमूट साखर हातावर पडली. लोक घेत होते आणि निघत होते. साडेसातला माळ रिकामा.

दर्ग्याची पायरी पण रिकामी होती. माहेराला आलेल्या पोरी येऊन बघून जात होत्या. मोना पण आली, पायरीपाशी थोडी थांबली, मग म्हणाली, "बाबा, पाय दुखतायत, जाते." मी म्हटलं, खुर्ची मागवतो. ती तोवर गेली होती.

१८ एप्रिल, शनिवार

काल लिहिलं नाही. काल उरसाचा मुख्य दिवस.

सकाळी उठलो तर घरात कुणी नाही. चुलीवर दूध, ओट्यावर झाकलेली भाकरी. गल्लीत आलो तर एकही बाई दिसेना. पुरुष दारोदार उभे, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात केरसुणी. शेवटी दिलदारनं सांगितलं. झुंबरनं दोन टेम्पो ठरवले, गावातल्या सगळ्या माहेरवाशिणी आणि त्यांच्या आया घेतल्या आणि सातलाच कबनूरला गेली. निघताना दर्ग्याच्या पायरीची माती पदरात बांधून घेतली. "म्हणाली, पीराचं दार हितनं न्हेतो," दिलदार म्हणाला. "तिकडं ठेवतो, तितं चुडा भरतो. मी म्हटलं, न्हे. पीर काय ना म्हणत न्हाय."

"तू मला उठवलं का नाहीस?"

"तू बोलावणाऱ्यातला कुठं हाईस आता?" तो सरळ बोलला. हसलासुद्धा नाही.

माळावर सम्राट सहा व्हेंडरांना समजावत होता की गर्दी दुपारनंतर वाढेल. मी मोटारसायकल काढली. पूर्ण रस्ताभर मी एकच वाक्य तयार करत होतो. हुसेनबी, चुकलो, चल. एवढंच. किंवा, चल हुसेनबी, अजून एक दिवस आहे.

कबनूरच्या त्या गल्लीत माग चालूच होते, पण बायकांचा कलकलाट त्यावर चढलेला. सतरंज्या थेट रस्त्यापर्यंत. कुणी हात पुढं करून बसलेली, कुणी चहा देत होती, आमच्या गावच्या लेकी तिथल्या बायकांची पोरं घेऊन फिरत होत्या. सबिना गर्दीतून काचेचे जुडगे पुढं देत होती. दारात मधोमध मोना बसलेली, मांडीखाली उशी. डाव्या हातात कोपराच्या खाली हिरवागार चुडा झालेला, उजव्या हाताला हुसेनबी शेवटच्या बांगड्या चढवत होती. बोटं दाबत, पुटपुटत. झुंबर शेजारी बसून डोळे पुसत होती आणि हसत होती. मोनाचं तोंड मी किती वर्षांनी तसं बघितलं कुणास ठाऊक. माझ्या छातीवरचा दगड उतरला. झालं म्हटलं, पोरीचं झालं.

मी उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. हुसेनबीनं शेवटची बांगडी चढवली, वर बघितलं. मला वाटलं आता शिवी येणार. मला पाहिजेच होती. गणप्या, मुडद्या, आता आलास व्हय, असं काहीतरी.

तिनं डोक्यावरून पदर घेतला. आजवर माझ्यापुढं कधी घेतला नव्हता.

"सबिना," ती म्हणाली, "पावण्यास्नी खुर्ची दे."

सबिनानं खुर्ची आणली. प्लास्टिकची, नवी, पुसून. अख्ख्या गल्लीत खुर्चीवर मी एकटाच.

"बसा पावणं," हुसेनबी म्हणाली. "च्या घ्या. लांबनं आलासा."

कपबशीतून चहा आला. सोबत दोन बिस्किटं. तिनं मला विचारलं, तुमच्याकडं पाऊस-पाणी कसं आहे? उरूस चांगला चाललाय का? जसं परगावच्या माणसाला विचारतात तसं. मी म्हटलं, चांगला चाललाय. रस्ताभर घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण त्यात मी तिला अरे-तुरे करणार होतो, आणि अहो-जाहो बोलणाऱ्या माणसाला ते कसं बोलायचं ते मला कळेना. मी बिस्किट खाल्लं.

निघताना तिनं मोनाची दृष्ट काढली, कानशिलावर बोटं मोडली, झुंबरला म्हणाली, "पोचल्यावर फोन कर गं, न्हायतर झोप लागायची न्हाय मला." मग माझ्याकडं वळून हात जोडले. "या पावणं परत."

टेम्पो पुढं, मी मागं मोटारसायकलवर. टेम्पोत बायका गाणी म्हणत होत्या.

आज उरसाचा शेवटचा दिवस, पण माळावर काही कामच नव्हतं, म्हणून सकाळीच कमिटीची हिशेबाची मीटिंग झाली. सम्राटनं सांगितलं की खर्च जाऊन यंदा जेवढी शिल्लक उरली तेवढी आजवर कधीच नव्हती. पुढच्या वर्षी दर पंचवीस हजार ठेवू म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या खेपेला खऱ्याच वाजवल्या. मी पण वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडं बघून वाजवत होते.

सगळे गेल्यावर दिलदार मागं राहिला. सतरंजीची घडी घालत त्यानं विचारलं, "काय म्हणाली हुसेनबी?"

"बसा म्हणाली."

त्याचा हात थांबला. "बसा म्हणाली?"

"व्हय."

त्यानं सतरंजीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली.